चोवीस फुटांची जागा

आजच्या मननासाठी एक माणूस घेऊ या. संत नाही, सेनापती नाही, मोठा विजेताही नाही. गिल मेरिक, इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा १९५१ ते १९५४ या काळातला गोलकीपर. नाव ऐकलेलं नसेल तर उत्तमच. मनात आधीचं मत नसलं की माणूस नीट पाहता येतो. वाचायची घाई करू नका. मध्येच डोळे मिटून बसावंसं वाटलं तर बसा.

आधी त्याची जागा पाहू.

दोन उभे खांब, त्यांच्यात २४ फुटांचं अंतर. वरचा आडवा दांडा जमिनीपासून ८ फुटांवर. मागे जाळं. या चौकटीच्या मधोमध स्वतःला उभं करा. दोन्ही हात बाजूला पसरा. किती जागा झाकली गेली ते बघा आणि किती उघडी राहिली तेही बघा. अंगात लोकरीची जाड जर्सी आहे, पावसाने ती आणखी जड झाली आहे. हात बहुधा उघडेच, कारण आजच्यासारखे पकड देणारे हातमोजे अजून आलेले नाहीत. चेंडू चामड्याचा आहे. तो चिखल आणि पाणी पितो, आणि उत्तरार्धात छातीवर आदळतो तेव्हा श्वास अडकतो. शिवाय समोरच्या फॉरवर्डला खांद्याने धडक देण्याची मुभा आहे. तुम्ही हवेतला चेंडू झेललात आणि त्याने तुम्हाला चेंडूसकट रेषेपलीकडे ढकललं, तर पंच गोल देऊ शकतो. १९५८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात नॅट लॉफ्टहाउसने हॅरी ग्रेगवर असाच गोल केला आणि तो मान्य झाला.

आता समोर पाहा. तुमचे दहा सहकारी मैदानभर पसरले आहेत आणि बहुतेकांची पाठ तुमच्याकडे आहे. त्यांना आपापला तुकडा दिसतो. तुम्हाला सगळं मैदान दिसतं. डावीकडे फट पडते आहे ती दिसते, कोण धापा टाकतो आहे ते दिसतं, कोणाचा माणूस सुटला तेही दिसतं. तुम्ही ओरडता. लाखभर लोकांच्या गलक्यात तुमचा आवाज दहा पावलांवर विरतो. मेरिकने १९५४ साली स्वतःचं पुस्तक काढलं तेव्हा त्याला नावही असंच दिलं, ‘आय सी इट ऑल’.

सगळं दिसणं आणि त्यातलं फार थोडं हातात असणं. इथे थोडं थांबा. ही अवस्था तुम्हाला कुठून तरी ओळखीची वाटते का, ते पाहा. उत्तर मला सांगायची गरज नाही.

मेरिकचा जन्म २६ जानेवारी १९२२ चा, बर्मिंगहॅममधल्या स्पार्कहिल भागातला. ऑगस्ट १९३९ मध्ये तो आपल्याच शहराच्या क्लबचा व्यावसायिक खेळाडू झाला. वय सतरा. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं आणि लीग बंद पडली. हाती सही केलेला करार, आणि ज्या स्पर्धेसाठी करार केला ती स्पर्धाच नाही. ऐन उमेदीची सहा-सात वर्षं युद्धकाळातल्या तात्पुरत्या सामन्यांत गेली. क्लबच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर बॉम्ब पडले, पण मुख्य स्टँड जर्मनांनी जाळला नाही. तो १९४२ मध्ये जळाला, आणि तिथेच मुक्कामाला असलेल्या अग्निशमन दलाच्या हातून. पेटत्या शेगडीवर पाणी समजून कोणीतरी बादलीभर पेट्रोल ओतलं. मननाच्या मध्येच हसू आलं तर येऊ द्या. चूक कोणाच्या हातून होईल याला काही नेम नसतो, हे पुढे कामाला येणार आहे.

युद्ध संपलं. १९४७-४८ च्या हंगामात बर्मिंगहॅम सिटीने दुसऱ्या विभागाची लीग जिंकली. ४२ सामन्यांत त्यांच्यावर गोल झाले फक्त २४. दर दोन सामन्यांमागे एकाहून थोडे अधिक. हा आकडा सावकाश वाचा. एवढा लहान आकडा उभा राहायला किती चेंडू अडवावे लागले असतील? ती संख्या कुठेही मिळणार नाही, कारण ती कोणी लिहिलीच नाही. गोलकीपरची वही अशी विचित्र असते. तिच्यात खर्चाची बाजू तारीख, मिनिट आणि मारणाऱ्याच्या नावासह भरलेली, आणि जमेचं पान कोरं.

जमेचा एक क्षण मात्र कसाबसा टिकला आहे. त्याच्यापाशी बसू.

२५ मे १९५२, व्हिएन्ना. इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रिया, २-२ अशी बरोबरी. सामना संपत आला आहे आणि ऑस्ट्रियाचा कॉर्नर आहे. चेंडू गोलसमोर येतो, गर्दीतून मेरिक उंच उठतो आणि तो झेलतो. बहुतेक कीपर अशा वेळी दम खातात, मग चेंडू लांब भिरकावून देतात. मेरिक मान वर करून बघतो. सहकारी टॉम फिनी मोकळा आहे. मेरिक हाताने चेंडू नेमका त्याच्याकडे फेकतो, फिनी तो लॉफ्टहाउसकडे सारतो, आणि लॉफ्टहाउस जवळजवळ निम्मं मैदान एकटा धावत जातो. ऑस्ट्रियाचा कीपर पुढे येऊन त्याला आडवा करतो, पण त्याआधी चेंडू सुटलेला असतो. ३-२.

लॉफ्टहाउस त्या दिवसापासून आयुष्यभर ‘व्हिएन्नाचा सिंह’ राहिला. रास्तच आहे, तो खरोखर बेशुद्ध होऊन पडला होता. पण तुम्ही आता तो गोल उलटा चालवून पाहा. लॉफ्टहाउसच्या पायातून मागे फिनीकडे या, फिनीकडून मागे त्या फेकीकडे, फेकीवरून मागे त्या झेलाकडे. झेल सुटला असता तर तो क्षणही इतिहासात राहिला असता, ऑस्ट्रियाच्या बाजूने. मेरिकचं नाव तेव्हा मात्र ठळक अक्षरांत छापलं गेलं असतं.

आता त्या दुपारकडे जाऊ, जिच्यामुळे मेरिक लोकांच्या आठवणीत अडकला.

२५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली. सुमारे १,०५,००० प्रेक्षक. समोर हंगेरी, आदल्या वर्षीचा ऑलिंपिक विजेता संघ. तोवर ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही संघाने इंग्लंडला इंग्लंडच्या भूमीवर हरवलेलं नव्हतं, आणि हे असंच चालत राहणार अशी तिथल्या लोकांची बालंबाल खात्री होती. तुम्ही पुन्हा चौकटीत उभे आहात. शिट्टी होते. पहिलं मिनिट संपायच्या आत हंगेरीचा हिदेगकुटी पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून फटका मारतो आणि चेंडू तुमच्या मागे जाळ्यात असतो. अजून अंगात ऊबही आलेली नाही.

हिदेगकुटीच्या पाठीवर ९ आकडा आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ९ म्हणजे सेंटर फॉरवर्ड, अगदी पुढे उभा राहणारा, आणि त्याला धरणं हे सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टनचं काम. पण हा नऊ नंबर पुढे येतच नाही. तो मध्यावर घुटमळतो, तिथून खेळ रचतो. जॉन्स्टनने त्याच्यामागे जावं तर गोलसमोर खिंडार पडतं आणि त्यातून पुश्काश आणि कोचिश घुसतात. जॉन्स्टनने जागेवर थांबावं तर हिदेगकुटी मोकळा. दोन्ही वाटा चुकीच्या. मागून तुम्हाला हे सगळं दिसतं आहे. पण तुम्ही ओरडून सांगणार तरी काय? उपाय कोणालाच माहीत नाही, बाकावर बसलेल्या व्यवस्थापकालाही नाही, आणि संघ ठरवणाऱ्या निवड समितीला तर नाहीच.

पुश्काशचा तो प्रसिद्ध गोल इथेच झाला. कर्णधार बिली राइट झेपावतो, पुश्काश बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढतो, राइट रिकाम्या गवतावरून घसरत पुढे जातो, आणि डाव्या पायाचा फटका जवळच्या खांबालगत आत शिरतो. नंतर बोझिकच्या फ्री किकवर चेंडू पुश्काशच्या पायाला लागून दिशा बदलतो. मध्यंतराला ४-२. तासभर व्हायच्या आत ६-३, आणि पुढे तोच आकडा कायम. हिदेगकुटीचे तीन, पुश्काशचे दोन, बोझिकचा एक.

सहा वेळा जाळ्यातून चेंडू काढून मध्यावर पाठवायचा. ही क्रिया मनात एकदा करून पाहा. वाकायचं, जाळ्यात अडकलेला चेंडू सोडवायचा, सरळ उभं राहायचं, तो पुढे द्यायचा. कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आणि लगेच पुन्हा हात पसरून उभं राहायचं, कारण सामना चालू आहे.

मननात प्रश्न उत्तरापेक्षा सावकाश यावा. तर प्रश्न असा, की ते सहा गोल कोणाचे? मारणाऱ्यांचे तर आहेतच. पण खाणाऱ्यांच्या बाजूने कोणाचे? वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने खेळून तीच शेवटची मानणाऱ्या एका देशाची सगळी आत्मतुष्टी त्या दुपारी एका ठिकाणी जमा झाली. ती जागा २४ फूट रुंद होती आणि तिच्यात एकच माणूस उभा होता.

निवड समितीने काय केलं? त्या दिवशीच्या अकरांपैकी सहा जण पुन्हा कधीच इंग्लंडसाठी खेळले नाहीत. त्यात अल्फ रॅमसीही होता, ज्याने पुढे व्यवस्थापक म्हणून १९६६ चा विश्वचषक जिंकून दिला. माणसं बदलली, रचना तीच ठेवली. सहा महिन्यांनी, २३ मे १९५४ रोजी, बुडापेस्टमध्ये परतीचा सामना झाला. वेम्बलीच्या संघातले चारच जण पुन्हा उतरले होते, राइट, डिकिन्सन, सिवेल आणि मेरिक. निकाल ७-१. इंग्लंडचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव.

मेरिकच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचे २३ सामने ओळीने मांडले की एक गोष्ट दिसते. पहिल्या १३ सामन्यांत त्याच्यावर १५ गोल झाले. त्यातला ब्यूनोस आयर्सचा एक सामना पावसामुळे अर्ध्यावर सोडला होता, तो वजा केला तरी हिशेब चांगलाच आहे. शेवटच्या १० सामन्यांत ३० गोल झाले. हात तेच, डोळे तेच, नीट कातरलेल्या मिशांचा तो शांत चेहराही तोच. बदललं ते समोरचं जग. त्याचे पहिले तेरा सामने आठवणारे लोक तेव्हाही थोडे होते.

पण तराजू एकाच बाजूला झुकवायचा नाही. मनन म्हणजे वकिली नव्हे. १९५४ च्या जून महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये विश्वचषक झाला. बेल्जियमशी ४-४, यजमान स्वित्झर्लंडवर २-०, आणि २६ जूनला बाझेलमध्ये उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेकडून ४-२ अशी हार. त्या चारांपैकी काही गोल अडवता येण्यासारखे होते, असं तेव्हाच्या समीक्षकांनी स्पष्ट लिहिलं. माझंही मत तेच आहे. हंगेरीचे तेरा गोल मी त्याच्या नावावर टाकणार नाही. बाझेलचे काही त्याचेच. महिन्याभरापूर्वी सात वेळा वाकलेला माणूस पुढच्या फटक्याला एक क्षण उशिरा उठला असेल, तर ते मी समजू शकतो. पण समजून घेणं वेगळं आणि गोल पुसणं वेगळं. इंग्लंडसाठी तो पुन्हा खेळला नाही.

हंगेरीच्या बाजूलाही एक नजर टाका. त्यांचा कीपर ग्यूला ग्रोशिच. अजिंक्य म्हणवणारा तो संघ त्याच जुलैमध्ये अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून ३-२ असा हरला. त्या वर्षाअखेर ग्रोशिचवर हेरगिरीचा संशय घेतला गेला आणि त्याला वर्षभर खेळापासून दूर ठेवण्यात आलं. वेम्बलीवर एकमेकांसमोरच्या दोन चौकटींत उभे असलेले हे दोघे. एकाला वर्तमानपत्रांनी शिक्षा दिली, दुसऱ्याला सरकारने.

मेरिक बत्तीस वर्षांचा होता. देशाचं दार बंद झालं होतं. तो बर्मिंगहॅमला परतला, आणि पुढच्या हंगामात क्लबने दुसऱ्या विभागाची लीग पुन्हा जिंकली. कशी जिंकली ते पाहण्यासारखं आहे. तीन क्लबांचे गुण सारखे झाले, प्रत्येकी ५४. अशा वेळी तेव्हा ‘गोल अॅव्हरेज’ काढत, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. बर्मिंगहॅमचे ९२ भागिले ४७. त्या भागाकारात अडवलेला प्रत्येक चेंडू मोजला गेला, अडवणाऱ्याचं नाव न लिहिता का होईना. बर्मिंगहॅम आणि लुटन वर गेले, रॉदरहॅम खाली राहिलं.

त्यानंतरच्या वर्षी क्लब पहिल्या विभागात सहावा आला, आजवरची त्यांची सर्वोत्तम कामगिरी, आणि ५ मे १९५६ ला एफए कपच्या अंतिम सामन्यासाठी मेरिक पुन्हा वेम्बलीवर उभा राहिला. समोर मँचेस्टर सिटी. त्यांचा सेंटर फॉरवर्ड डॉन रेव्ही. मँचेस्टरवाल्यांनी हंगेरीचा खेळ अभ्यासून रेव्हीला हिदेगकुटीसारखं मागे ठेवलं होतं, पाठीवर ९ आणि पाय मध्यावर. त्याच मैदानात, त्याच माणसापुढे, तीच कल्पना यावेळी इंग्रजी जर्सी घालून आली. निकाल ३-१, मँचेस्टरच्या बाजूने.

तो सामना आज आठवतो तो मात्र समोरच्या कीपरमुळे. बर्ट ट्राउटमान, एके काळचा जर्मन छत्रीधारी सैनिक, मग ब्रिटनमधला युद्धकैदी, मग मँचेस्टरचा लाडका. शेवटची सुमारे सतरा मिनिटं राहिली असताना तो बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायांवर झेपावला, आदळला, आणि तसाच खेळत राहिला. नंतर कळलं की त्याच्या मानेचा मणका मोडला होता. त्याच्या धैर्याला तोड नाही. पण आपलं मनन आज दुसऱ्या टोकाच्या कीपरवर आहे, ज्याची मान शाबूत होती आणि ज्याच्यावर तीन गोल झाले. त्या टोकाला एक-दोन मिनिटं उभे राहा. तिकडे कॅमेरा फारसा वळत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मेरिक १९६० पर्यंत खेळला, सगळी कारकीर्द एकाच क्लबात. तेव्हा खेळाडूंच्या पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती, १९५८ पासून आठवड्याला २० पौंड, आणि ती उठली १९६१ मध्ये, त्याने बूट काढून ठेवल्यानंतर. १९५९ च्या एप्रिलमध्ये त्याचा क्लबातला आणि इंग्लंडसाठीही खेळलेला फुलबॅक जेफ हॉल पोलिओने गेला, वय २९. एक धडधाकट खेळाडू दोन आठवड्यांत जातो हे पाहून लस टाळणारी तरुण मंडळी देशभर केंद्रांपुढे रांगा लावू लागली. निवृत्तीनंतर मेरिक त्याच क्लबाचा व्यवस्थापक झाला. १९६१ मध्ये त्याच्या संघाने मिलानच्या सान सिरोवर जाऊन इंटरला हरवलं. त्यांना तिथे हरवायला पुढच्या इंग्लिश क्लबाला, म्हणजे आर्सेनलला, २००३ साल उजाडावं लागलं. १९६३ मध्ये शेजारच्या अॅस्टन व्हिलाला नमवून लीग कप जिंकला, क्लबाचा पहिला मोठा चषक. पुढच्याच वर्षी क्लबाने त्याला काढलं. तिथेही खर्चाचंच पान वाचलं गेलं.

आता शेवटची बैठक. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, ज्याच्या नावावर एकच वाईट दुपार चिकटली आहे. त्याचे पहिले तेरा सामने शोधा. सापडतील तेवढे सापडतील. त्याच्या बाझेलच्या चुकाही शोधा, त्या झाकू नका. मग जमलं तर त्याच्याशी एकदा बोला. निकालावर नको, आणखी कशावरही.

सेंट अँड्र्यूजवर रेल्वेच्या बाजूच्या गोलमागे एक स्टँड आहे. २००९ मध्ये त्याला गिल मेरिकचं नाव दिलं गेलं, तो हयात असताना. ३ फेब्रुवारी २०१० रोजी, ८८ वर्षांचा होऊन तो वारला. सर्व स्पर्धा मिळून तो बर्मिंगहॅम सिटीसाठी ५५१ सामने खेळला, आणि त्या क्लबाकडून त्याच्याहून जास्त सामने आजवर कोणीही खेळलेलं नाही.